आवळण्याचे माप

सप्टेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी आणि चांदवड या तालुक्यांत गोडी छाटणीला प्रारंभ झाला, की त्यानंतरचे काही महिने द्राक्षबागायतदाराचे भवितव्य जितके आकाशातील ढगांवर, तितकेच ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या फवारणीच्या ब्लोअरवर अवलंबून राहते. कारण नव्याने फुटलेल्या कोवळ्या पानांवर डावणी या रोगाचा प्रादुर्भाव होण्यास ढगाळ हवा आणि रात्रभर ओली राहिलेली पाने एवढे निमित्त पुरते, आणि अशा वेळी ज्याचे यंत्र बंद पडते त्याला शेजाऱ्याचे यंत्र रिकामे होण्याची वाट पाहत दिवस काढावा लागतो. हे यंत्र बंद का पडले याचा शोध घेऊ लागल्यास पंपाचा बिघाड, चोंदलेली गाळणी, झिजलेले बेअरिंग अशी नाना कारणे पुढे येतात, परंतु त्या कारणांच्याही मुळाशी जाण्याची तसदी कोणी घेतली तर तेथे पुष्कळदा एक अत्यंत क्षुद्र वाटणारी गोष्ट आढळते: कोठला तरी एक बोल्ट जितका आवळावयास हवा होता तितका आवळलेला नव्हता, किंवा हवा होता त्याहून अधिक आवळलेला होता. ट्रॅक्टर, ब्लोअर, पॉवर टिलर, गवत कापण्याचा ब्रश कटर, पाण्याचा इंजिन-पंप ही उघड्यावर, धुळीत, चिखलात आणि उन्हात राबणारी सारी यंत्रे शेकडो बोल्टांनी जोडलेली असतात, आणि त्या बोल्टांच्या आवळण्याला एक निश्चित माप आहे, ही गोष्ट शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणे मला अगत्याचे वाटते.

नीट आवळणे म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्याकडे शेतावर आणि रस्त्याकाठच्या दुरुस्तीच्या दुकानांत बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे पाना पुढे सरकेनासा होईपर्यंत अंगचे बळ लावणे. या उत्तरामागे अशी समजूत आहे, की बोल्ट हा दोन भागांतून आरपार गेलेला एक जाड खिळा असून त्याच्या जाडीमुळेच ते भाग एकत्र राहतात. वस्तुतः बोल्ट काम करतो तो स्वतः ताणला जाऊन. कडबा लादलेल्या बैलगाडीवर नाडा टाकून तो करकचून आवळतात, तेव्हा पेंढ्या जागच्या जागी राहतात त्या नाड्यात भरलेल्या ताणाने एकमेकींवर दाबल्या गेल्यामुळे; नाडा सैल असेल तर तो कितीही जाड असला तरी पहिल्याच खाचखळग्यात भारा घसरू लागतो. बोल्टाचेही असेच आहे. नट फिरविला म्हणजे बोल्टाचा दांडा ताणला जातो, ताणलेला दांडा पूर्ववत आखूड होऊ पाहतो, आणि त्याच्या या आकांक्षेमुळे दोन्ही भाग एकमेकांवर इतके दाबले जातात, की त्यांच्यामधील घर्षणच त्यांना सरकू देत नाही.

पोलादासारखा कठीण पदार्थ पान्याच्या दोन फेऱ्यांत ताणला जातो, हे सहसा मनाला पटत नाही. परंतु इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम, की पदार्थाचे लांबणे हे त्यावर लावलेल्या बलाच्या प्रमाणात असते, तो पोलादालाही तितकाच लागू आहे. १० मिलिमीटर व्यासाचा, चांगल्या प्रतीचा बोल्ट योग्य तेवढा आवळला असता तो दोन भागांना सुमारे अडीच टन वजनाच्या दाबाने एकत्र धरून ठेवतो, आणि हे सामर्थ्य त्याला प्राप्त होते ते पाच सेंटिमीटर लांबीच्या त्या दांड्याची लांबी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने वाढल्यामुळे. या मर्यादेच्या आत पोलाद आपले मूळचे रूप स्मरून असते, म्हणजे नट सोडताच दांडा पहिल्या लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली की तो कायमचा लांबतो, त्याची कंबर बारीक होते, आणि त्यानंतर तो तुटला नाही तरी पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ यांसारखे आकडे कोरलेले असतात, त्यांचा अर्थ याच मर्यादांशी निगडित आहे: पहिला आकडा पोलाद किती ताणाला तुटेल हे सांगतो, तर दुसरा, त्या ताणाच्या किती दशांशांवर ते कायमचे लांबू लागेल हे सांगतो. ज्या बोल्टाच्या डोक्यावर कोणताच आकडा नाही, तो यंत्राच्या महत्त्वाच्या जागी बसविण्यास दुकानदाराने कितीही निर्वाळा दिला तरी नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हा ताण प्रत्यक्ष मोजण्याचे साधन शेतावर नसते; आपल्या हाती असतो तो पाना, आणि पान्याने आपण देतो तो पीळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात. पीळ आणि ताण यांच्यातील व्यवहार मोठा विलक्षण आहे. पान्याला दिलेल्या पिळाचा जमाखर्च मांडला तर जवळजवळ निम्मा पीळ बोल्टाच्या डोक्याखालील किंवा नटाखालील घर्षणात जातो, सुमारे चार दशांश आट्यांच्या आपसांतील घर्षणात जातो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करावयाचा त्या ताणाच्या पदरात साधारण एक दशांश तेवढा पडतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आटे गंजलेले असतील किंवा त्यांत माती अडकलेली असेल, तर पाना घट्ट लागला असे हाताला वाटते, परंतु ते सारे बळ गंजानेच गिळलेले असते आणि बोल्ट आतून सैलच राहतो. उलटपक्षी, कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला पीळ तेल किंवा ग्रीस लावलेल्या आट्यांना दिला, तर घर्षणाची बचत थेट ताणात जमा होऊन तो अपेक्षेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने, प्रसंगी निम्म्यानेही वाढू शकतो. म्हणून बोल्ट बसविण्यापूर्वी आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे, आणि कंपनीच्या पुस्तिकेत तेल लावण्यास सांगितले आहे की कोरडे ठेवण्यास, हे पाहणे, यांना पाना उचलण्याइतकेच महत्त्व आहे.

सर्वसाधारण उपयोगासाठी काही आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. ८.८ प्रतीचा पोलादी बोल्ट पोलादी भागात, कोरड्या व स्वच्छ आट्यांनी बसवावयाचा असेल, तर दहा-अकराच्या पान्याने फिरणाऱ्या ६ मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर, बारा-तेराच्या पान्याच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे २५, सोळा-सतराच्या पान्याच्या १० मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे ५० आणि अठरा-एकोणीसच्या पान्याच्या १२ मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे ८५ न्यूटन-मीटर पीळ पुरतो. व्यास थोडासा वाढला की पीळ किती झपाट्याने वाढतो, हे या आकड्यांवरून दिसेलच. आणि याच कारणाने पाने बनविणाऱ्यांनी लहान मापाचा पाना आखूड व मोठ्या मापाचा लांब ठेवण्याची तजवीज पूर्वापार केलेली आहे, जेणेकरून सामान्य माणसाच्या हाताचे बळ बोल्टाच्या सामर्थ्याशी आपोआप जुळावे. अर्थात यंत्रासोबतच्या पुस्तिकेत निराळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. विशेषतः बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात जात असेल, किंवा मध्ये रबर, प्लास्टिक वा कागदी पॅकिंग असेल, तेथे वरील आकडे लागू पडत नाहीत आणि पीळ बराच कमी द्यावा लागतो.

एक न्यूटन-मीटर म्हणजे किती, हे हाताला कळावे कसे? याचा खरा उपाय टॉर्क पाना हा आहे, ज्यावर हवा तो आकडा लावून ठेवला असता तेवढा पीळ पोहोचताच तो खटका देतो. परंतु तो विकत घेण्यापूर्वीही एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. रिंग पान्याच्या टोकाला वजन करण्याचा स्प्रिंगचा काटा अडकवावा आणि पान्याशी काटकोन राखून तो ओढावा. बोल्टाच्या मध्यापासून काट्यापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर असताना काट्यावर साडेबारा किलो दिसले, म्हणजे २५ न्यूटन-मीटर झाले. अंतर २५ सेंटिमीटर आणि ओढ २० किलो असेल तर ५०. असे काही बोल्ट आवळून पाहिले की हाताला त्या बळाची ओळख पटते, आणि आपण आजवर लहान बोल्टांवर किती अत्याचार आणि मोठ्या बोल्टांच्या बाबतीत किती कुचराई करीत आलो, हे बहुतेकांच्या आपोआप लक्षात येते.

या गणितावरूनच पान्याला पाईप घालून आवळण्याच्या रूढ पद्धतीतील धोका ध्यानात यावा. अर्धा मीटर लांबीच्या पाईपच्या टोकाला वीस किलोची ओढ दिली, तर शंभराच्या जवळपास न्यूटन-मीटर पीळ उत्पन्न होतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाला हवा त्याच्या चौपट. असा बोल्ट एक तर तेथेच तुटतो, किंवा आटे जातात, किंवा याहून वाईट म्हणजे तो मर्यादेपलीकडे ताणला जाऊनही तुटत नाही, आणि बागेच्या मधोमध, औषधाने भरलेली टाकी मागे असताना, आपले प्राण सोडतो. गंजलेला जुना नट सोडविताना पाईप वापरला तर एक वेळ समजू शकते. आवळताना त्याला हात लावू नये.

तुटलेल्या बोल्टाविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याचे निदान करण्यात आपण सर्वांत अधिक चुकतो. बोल्ट तुटला म्हणजे त्याला बळ कमी पडले असे मानून पुढील वेळी तो आणखी जोराने आवळण्याकडे किंवा भोक मोठे करून अधिक जाड बोल्ट घालण्याकडे आपला कल असतो. परंतु थरथरणाऱ्या यंत्रांत पुष्कळसे बोल्ट तुटतात ते सैल राहिल्यामुळे. बोल्टात पुरेसा ताण असेल तेव्हा यंत्राचे हादरे दाबून धरलेले भाग सोसतात आणि बोल्टाच्या वाट्याला त्यांचा अल्प अंशच येतो. ताण कमी पडला, की तेच हादरे सबंध बोल्टावर कोसळतात, दर फेऱ्याला एक याप्रमाणे तासाला हजारोंनी, आणि एकेका हादऱ्याने काहीच बिघडत नसले तरी त्यांच्या संचिताने आट्यांच्या मुळाशी एक सूक्ष्म तडा जाऊन तो हळूहळू आत सरकत राहतो. अशा बोल्टाचा तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा: त्याचा बराचसा हिस्सा गुळगुळीत आणि वक्र रेषांनी अंकित झालेला, तर उरलेला थोडा हिस्सा खडबडीत दिसतो. गुळगुळीत हिस्सा हा अनेक दिवस चाललेल्या झिजेचा दस्तऐवज असतो, आणि खडबडीत हिस्सा हा शेवटच्या क्षणाचा. एका झटक्यात अति-आवळण्याने तुटलेल्या बोल्टावर अशा रेषा नसतात, त्याचा दांडा तुटीजवळ बारीक झालेला असतो. तुटलेला बोल्ट म्हणूनच भंगारात टाकण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवावा.

नट सैल होतात ते का, या प्रश्नाची निर्णायक चिकित्सा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रसिद्ध केली. त्याने असे दाखवून दिले, की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा त्याला आडवे बसणारे हादरे अधिक घातक असतात. जोडलेले भाग बाजूला किंचित जरी सरकू लागले तरी त्या सरकण्याच्या क्षणी आट्यांतील घर्षण नाहीसे झाल्यासारखे होते आणि नट आपल्या चढणीवरून आपणच उलटा उतरू लागतो. आडव्या हादऱ्यांच्या युंकरच्या परीक्षेला आपल्याकडील सर्वांचा लाडका स्प्रिंग वायसर उतरला नाही. तो ज्या बळाने नट रेटून धरतो ते बळ बोल्टाच्या ताणापुढे नगण्य असते, आणि बोल्ट पुरता आवळला की तो सपाट होऊन साध्या वायसरासारखाच वागतो. जर्मनीने त्याचे मानक पुढे रद्दच केले. मला येथे कोणाच्या अनुभवाचा अनादर करावयाचा नाही, परंतु स्प्रिंग वायसर घातला म्हणून आवळण्यात हयगय चालेल, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. पहिला बंदोबस्त पुरेशा ताणाचाच. त्यानंतर जेथे जोखीम मोठी, तेथे आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा, पण तो काढला की शक्यतो नवा घ्यावा. किंवा आट्यांवर घट्ट होणारे द्रव लावावे, ज्याचा शोध अमेरिकेतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली लावला आणि जे हवा मिळेनाशी झाल्यावर दोन धातूंच्या मध्ये आपोआप कडक होते. त्यातील निळे पुढे साध्या पान्याने सुटते. लाल बहुधा तापविल्याविना सुटत नाही, म्हणून ते विचार करून वापरावे.

द्राक्षबागेतील यंत्रांवर आणखी एक संकट असते, आणि ते औषधातूनच येते. फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली याच डावणीवर उपाय म्हणून मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण प्रसिद्धीस आणले, ते आपल्या बागायतदारांच्या पूर्ण परिचयाचे आहे. त्यात चुना पुरेसा झाला की नाही, हे पाहण्यासाठी स्वच्छ लोखंडी सुरी किंवा सळई त्यात बुडवून धरतात आणि तिच्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. हीच रासायनिक क्रिया, म्हणजे लोखंड विरघळून तांबे त्याच्या जागी बसणे, चुना कमी पडलेल्या मिश्रणाचे थेंब ज्या ज्या लोखंडी बोल्टावर पडतात तेथे तेथे घडत असते. शिवाय सुकलेला चुना आट्यांत जाऊन बसतो, आणि मग पूर्वी सांगितल्याप्रमाणे पिळाचा सारा हिशेबच खोटा ठरतो. फवारणी संपल्यावर टाकीत स्वच्छ पाणी घेऊन नोजल धुतात, त्याच वेळी सांगाड्याचे आणि पंखाच्या आवरणाचे बोल्टही धुवावेत. गंजाला कंटाळून काही जण सरसकट स्टेनलेसचे बोल्ट बसवितात. ते गंजत नाहीत हे खरे, परंतु बाजारात नेहमी मिळणारे स्टेनलेस बोल्ट ८.८ प्रतीपेक्षा कमी ताकदीचे असतात, आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडाच वेगाने फिरविला तर दोहोंचे आटे एकमेकांत रुतून बसतात. त्यांना ग्रीस लावणे भागच आहे, आणि ग्रीस लावले म्हणजे पीळ कमी करणेही ओघाने आलेच.

ब्रश कटरची गोष्ट निराळी. मिनिटाला सात-आठ हजार फेरे करणारे त्याचे दोन स्ट्रोकचे इंजिन आकाराने लहान असले तरी त्याचा हादरा मोठा असतो, आणि त्याचे बहुतेक बोल्ट मऊ ॲल्युमिनियमच्या भोकांत बसलेले असतात, ज्यांचे आटे पोलादी बोल्टापुढे फार काळ तग धरीत नाहीत. सायलेन्सरचे बोल्ट तापण्या-निवण्याने प्रथम सैल होतात. ते इंजिन थंड असताना तपासावेत. पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो; पाते दगडावर आपटले असता नट आणखी आवळला जावा यासाठी ही योजना आहे, आणि ती ठाऊक नसलेला माणूस तो सोडवावयास जाऊन उलट आवळत बसतो. स्पार्क प्लग आधी हाताने शेवटपर्यंत फिरवावा, पान्याला हात त्यानंतर लावावा. नव्या वायसरचा प्लग असेल तर हाताने टेकल्यानंतर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे होतो. सुरुवातीलाच पाना लावला आणि प्लग वाकडा चढला, तर त्या लहानशा हेडचे आटे गेलेच म्हणून समजावे. गेलेले आटे दुरुस्त होऊ शकतात, भोक मोठे करून त्यात तारेची पोलादी सर्पिल गुंडाळी बसविता येते आणि ती मूळच्या ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊही ठरते. परंतु हे काम लेथ-वर्कशॉपमध्ये नेऊन करवून घ्यावे, बांधावर करू नये.

निफाड तालुक्यातच, द्राक्षबागांच्या शेजारी, ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. १९६४ साली मिग विमानांच्या निर्मितीसाठी तो स्थापन झाला आणि पुढे सुखोई-३० ही विमानेही तेथे बांधली गेली. विमानविद्येत बोल्ट आवळण्याची कृती कोणाच्याही मनगटावर सोडलेली नसते: पिळाचा आकडा लिहिलेला असतो, टॉर्क पान्याची मुदतीने खातरजमा केलेली असते, महत्त्वाचे बोल्ट तारेने गुंफलेले किंवा स्प्लिट पिनने अडविलेले असतात, आणि आवळून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यापासून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढण्याचा शिरस्ता असतो, जेणेकरून बोल्ट पुढे किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी. नाशिकजवळच्या सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे भाग जोडणाऱ्या कामगारांनाही टॉर्क पाना नवा नाही. त्यांपैकी कितीतरी जण शेतकऱ्यांच्याच घरचे आहेत. एवढी विद्या जिल्ह्यात असताना ती कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून बांधावर का येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. एका शेतकऱ्याला टॉर्क पाना घेणे जड जात असेल, तर गावच्या विविध कार्यकारी सोसायटीने एक घ्यावा. यंत्र बनविणाऱ्यांनी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत छापलेले आकडे मराठीत, यंत्राच्या सांगाड्यावरच, पत्र्याच्या पट्टीवर कोरून द्यावेत. रंगाची रेघ ओढण्यास तर कोणतीच सोसायटी लागत नाही. ब्लोअरच्या पंखाच्या, गिअरबॉक्सच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या नटांवर ती आजच ओढता येईल, आणि रोज सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी एका नजरेत तपासता येईल.

आवळण्याच्या क्रमाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. अनेक बोल्टांनी धरलेला भाग, मग ते इंजिनाचे हेड असो वा चाक, एकेक बोल्ट पुरता आवळीत पुढे गेल्यास वाकडा बसतो. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत, नंतर निम्म्या पिळाने आणि मग पुऱ्या पिळाने, प्रत्येक वेळी समोरासमोरच्या जोड्या घेत आवळावेत. हेड असेल तर मध्यापासून सुरुवात करून बाहेर जावे. नवे किंवा नुकतेच खोलून जोडलेले यंत्र पहिले काही तास चालले, की पृष्ठभागांवरील रंग, खवले आणि बारीक उंचवटे दबून ताण थोडा उतरतो, म्हणून ते थंड झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा एकदा त्याच आकड्यावर तपासावेत, मात्र ज्या बोल्टांना लॉकिंग द्रव लावले आहे त्यांना या वेळी हलवू नये, कारण एकदा कडक झालेले ते द्रव हलविल्याने तुटते आणि मग बोल्ट काढून, आटे साफ करून, ते नव्याने लावावे लागते. टॉर्क पाना नट सोडविण्यास कधीही वापरू नये, आणि काम संपल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा. त्याच्या पोटातील स्प्रिंग महिनोन्‌महिने दाबलेली राहिली, तर तो दाखवील त्या मापावर पुढील हंगामात विश्वास ठेवता येणार नाही.